तीन चुलींचं मृत्युपत्र

मी कोर्टात खोटं बोललो. साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं राहून, शपथ घेऊन, चार प्रश्नांना चार खोटी उत्तरं दिली. कुणी पढवलं नव्हतं, कुणी धमकावलं नव्हतं, कुणी काही देऊ केलं नव्हतं. आता माझं वय सत्त्याहत्तर आहे आणि घरात मुलं-सुना मला अजून सरळमार्गी माणूस म्हणतात. ते ऐकून घेणं मला जमेनासं झालंय, म्हणून हे लिहितो आहे.

माझा धंदा दस्त लिहिण्याचा होता. निबंधक कार्यालयाच्या आवारात लिंबाखाली माझं टेबल असे. खेड्यांतून येणारी माणसं मला मुन्शी म्हणत. खरेदीखत, बक्षीसपत्र, वाटणीपत्र, मृत्युपत्र, जे लागेल ते. मी हाताने मसुदा करायचो, शेजारचा पोरगा तो कॉम्प्युटरवर उतरवायचा. चाळीस वर्षांत माझा एकही दस्त कोर्टात फिरला नाही, हे मी येईल त्याला सांगायचो. चहावाल्यालासुद्धा सांगायचो. आवारातले बाकीचे दस्तलेखक मागून त्याची नक्कल करत, तेही मला ठाऊक होतं.

हे काम मी ज्यांच्याकडे शिकलो ते उस्ताद निजामाच्या राज्यात उर्दूत दस्त लिहीत आलेले. मराठी त्यांनी नंतर शिकून घेतली. पण दस्ताचा शेवट आला की त्यांच्या लेखणीतून ‘नसलन बाद नसलन’ उतरायचंच. म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या. त्यांनी मला त्याचं एक भारदस्त मराठी वाक्य करून दिलं होतं: ‘माझे सर्व वंशज, पिढी दर पिढी, समसमान हिश्श्याने उपभोग घेतील.’ मी एकदा विचारलं, गिऱ्हाइकानं सांगितलं नसेल तर हे कशाला घालायचं? ते म्हणाले, “कागज कू वजन होना, मियाँ. वजन नहीं तो कायका दस्त?”

मला ते पटलं होतं. वाक्य वाचून दाखवलं की खेड्यातली म्हातारी माणसं मान डोलवायची. पुढे मी वाचून दाखवणं कमी केलं, पण वाक्य घालणं सोडलं नाही.

बिडकीनकडून एक मेंढपाळ म्हातारा आला तो एका गर्दीच्या दिवशी. डोक्याला पागोटं, खांद्यावर घोंगडी. सोबत सोळा-सतरा वर्षांची नात. तिला त्याने पायरीवर बसवलं, हातात बिस्किटाचा पुडा दिला आणि माझ्यासमोर येऊन उकिडवा बसला. खुर्ची पुढे केली तर नको म्हणाला.

“मुन्शी, लिवा. नऊ एकर हाय. माझ्या घामाची हाय, बापाची नाय. तीन चुलीला सारखी.”

“तीन चुली म्हणजे कशा, बाबा?”

त्याने माझ्या टेबलावरचं शाईचं पॅड उचलून एका बाजूला ठेवलं, टाचण्यांची डबी दुसऱ्या बाजूला ठेवली आणि माझा अर्धा चहा असलेला ग्लास मधोमध ओढला. “ही थोरल्याची चूल. ही धाकल्याची. अन् ही लेकीची. नवऱ्यानं सोडली, मंग माझ्याकडंच व्हती. आता ती बी गेली. पर तिची पोर हाय ना. चूल पेटती हाय.”

“मुलांना मुलं किती?”

“थोरल्याला चार, धाकल्याला तीन.”

मी गंमत केली. “म्हणजे तिकडं दोन पोरं, सात नातवंडं, आणि हिला एकटीला तीन एकर? हिचे मामा काठ्या घेऊन येतील ना, बाबा.”

तो हसला नाही. “आमी मेंढरं घेऊन फिरतो. कुणाच्या रानात रातभर बसवली का खत व्हतंय, त्याची तो ज्वारी देतो. ती ज्वारी आमी चुलीवर वाटतो. तोंडावर नाय वाटत. तोंडं मोजली तर एकल्या बाईनं काय खावं? सरपण तिला बी तेवढंच लागतंय, पाणी बी तेवढंच आनावं लागतंय. दहा तोंडाच्या घरात हात बी ईस असत्यात. हिच्या घरात दोनच.”

मला ते आवडलं. मी मान हलवली, वा म्हणालो, आणि लिहायला घेतलं. आणि लिहिलं काय? उस्तादांचं वाक्य. माझे सर्व वंशज, पिढी दर पिढी, समसमान. चुली, लेकीची शाखा, तीन वाटे, यातलं एक अक्षर लिहिलं नाही. ‘चूल’ हा शब्द दस्तात शोभत नाही, असं मला वाटलं. आणि ‘सारखी’ म्हणजे समसमानच की, एवढाच विचार केला. खाली नेहमीची ओळ टाकली: वरील मजकूर वाचून दाखवला, समजला, मान्य आहे.

वाचून दाखवला नव्हता. नंबर पुकारला होता, जेवणाची सुट्टी जवळ आली होती.

अंगठा उठवायच्या आधी त्याने शाई लागलेलं बोट हवेतच थांबवलं. “मुन्शी, आल्या का चुली त्यात?”

“आल्या, बाबा. सगळं आलं.”

त्याने अंगठा उठवला. माझ्या शेजारच्या टेबलावरचा दस्तलेखक आणि चहावाला, असे दोन साक्षीदार मीच बोलावले होते. दोघांनी सह्या केल्या आणि आपापल्या कामाला लागले. कागदात काय आहे हे त्यांनी विचारलं नाही, तसं कुणी विचारत नाही.

इथपर्यंत मी निष्काळजी होतो, एवढंच म्हणता येईल. त्या निष्काळजीपणाबद्दल मी क्षमा मागितली असती तर कदाचित मिळालीही असती.

सहा वर्षांनी म्हातारा गेला. तोवर मी टेबल बंद करून चिकलठाण्याला मुलाकडे राहायला आलो होतो. एका रविवारी सकाळी दारात एक मुलगी उभी. अंगात कंपनीचा निळा गणवेश, पायात जाड बूट. बिडकीनजवळच्या नव्या कारखान्यात पाळीवर होती आणि तिथून थेट आली होती. सोबत तिचे वकील, तरुणच होते.

“काका, ओळखलं का? मी पायरीवर बसले होते. बिस्किटं खात.”

ओळखलं नव्हतं, पण हो म्हणालो.

तिचं म्हणणं सरळ होतं. दोघे मामा मृत्युपत्र दाखवून म्हणत होते की सगळे वंशज समसमान म्हणजे दोन मुलं, तिला धरून आठ नातवंडं, दहा तोंडं. नऊ एकराचे दहा वाटे. तिच्या वाट्याला छत्तीस गुंठे, तेही दूरच्या खडकाळ टोकाला. ती राहते ती खोली आणि आजोबांनी खणलेली विहीर मामांच्या वाट्यात जात होती. तीन शाखा धरल्या तर तीन एकर तिचे, खोली आणि विहिरीसकट.

वकिलांनी मला कायदा समजावून सांगितला. चाळीस वर्षं मृत्युपत्रं लिहूनही तो मला धड माहीत नव्हता. ते म्हणाले, “मृत्युपत्राचा अर्थ लावताना न्यायाधीश मेलेल्या माणसाच्या जागी जाऊन बसतात. हा शब्द त्याच्या तोंडी काय अर्थाने होता, ते बघतात. मामांचा एक मुद्दा तर टिकणारच नाही. आधी म्हणतात लेकीची लेक वंशजच नाही, आणि असलीच तर दहांतली एक. कायद्यात तीही वंशजच. खरा प्रश्न वाटे माणशी पाडायचे की शाखेनं, हा आहे. नुसतं वाक्य वाचलं तर माणशी पडतात. त्याने तुम्हाला तोंडी काय सांगितलं याला कोर्टात मर्यादा आहेत. पण त्याच्या घरात वाटपाची रीत काय होती, ‘सारखं’ म्हणताना तो काय धरून चालायचा, हे आजूबाजूच्या परिस्थितीत मोडतं. ते सांगता येतं. आणि ते सांगणारा बाहेरचा माणूस तुम्ही एकटेच आहात. बाकी सगळे पक्षकार किंवा त्यांचे सोयरे.”

वरून विमान गेलं. ते जाईपर्यंत आम्ही तिघं एकमेकांकडे बघत बसलो.

“तुम्हाला चुलीचं बोलला होता ना तो?” तिने विचारलं. “मला तर रोज म्हणायचा, तुझी चूल येगळी हाय, तू कुणाची मिंधी नाय.”

“बघावं लागेल,” मी म्हणालो. “फार वर्षं झाली, बाळा.”

मला सगळं आठवत होतं. ग्लास कुठे ठेवला होता तेसुद्धा. आठवतंय म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता: मग लिहिलं का नाही?

समन्स आलं. मी तिच्या बाजूचा साक्षीदार होतो, हे मुद्दाम सांगतो. कोर्टाच्या आवारात माझे जुने सोबती भेटले. एकजण म्हणाला, “काय मुन्शी, तुमचा दस्त आणि कोर्टात? आम्ही तर ऐकलं होतं तुमचे दस्त पोथीसारखे असतात.” दुसरा म्हणाला, “अरे फिरला नाही अजून, नुसता फिरायला आलाय.” सगळे हसले. मीही हसलो. मग तेही माझ्यामागून आत आले आणि मागच्या बाकावर बसले.

तिच्या वकिलांनी विचारलं, मजकूर वाचून दाखवला होता का?

मी मागच्या बाकाकडे पाहिलं आणि म्हणालो, “हो. मी नेहमीच वाचून दाखवतो.”

वकील जरा थबकले. मग शब्द कोणाचे, मयताचे की तुमचे?

“त्यांचेच. त्यांनी जसं सांगितलं तसंच लिहिलं.”

वाटप चुलीप्रमाणे करायचं, असं काही ते बोलले?

“नाही.”

त्यांच्या समाजात धान्य चुलीवर वाटतात, ही रीत त्यांच्या तोंडून कधी ऐकली?

“तसं काही बोलणं झालं नाही.”

पहिलं उत्तर द्यायला मागच्या बाकाकडे बघावं लागलं होतं. चौथं अगदी सहज आलं, तिसऱ्यासारखंच. मुलगी समोर खुर्चीवर बसली होती. ती माझ्याकडे रागाने बघेल असं वाटलं होतं. ती माझ्याकडे बघतच नव्हती, मांडीवरच्या हातांकडे बघत होती. त्याचा अर्थ मला तेव्हा कळला नाही. मामांच्या वकिलांनी मला एकही प्रश्न विचारला नाही. विचारायला मी काही शिल्लक ठेवलं नव्हतं.

बाहेर आल्यावर सोबत्यांनी पाठ थोपटली. दस्त टिकला.

निकाल तिच्या विरुद्ध गेला. नात वंशज आहे हे कोर्टाने मान्य केलं, पण वाटे माणशी दहा. निकालाची प्रत मी मुद्दाम मिळवून वाचली. त्यात माझा उल्लेख आहे. मृत्युपत्राचा लेखक, वादीनेच बोलावलेला साक्षीदार, शब्द मयताचेच असल्याचं सांगतो. वेगळ्या रीतीचा कोणताही विश्वासार्ह पुरावा नाही. त्यामुळे साध्या शब्दांचा साधा अर्थ घेणं भाग आहे. न्यायाधीशांचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. मेलेल्या माणसाच्या जागी जाऊन बसायला ते तयार होते. ती जागा मी दाखवली नाही.

मग मी जवळजवळ वर्षभर गप्प राहिलो. सकाळी फिरायला जायचो, पेपर वाचायचो, सुनेला भाजी निवडून द्यायचो. दिवाळीनंतर मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, आणि बायको म्हणाली, तुम्ही जन्मभर लोकांची मृत्युपत्रं लिहिली, आता स्वतःचं लिहा. लिहायला बसलो. घर, थोडी शेती, दोन मुलं, एक मुलगी. आणि हात आपोआप लिहू लागला, ‘माझे सर्व वंशज, पिढी दर पिढी’. बायको शेजारी चष्मा पुसत बसली होती. म्हणाली, “हे काय? सरळ नावं लिहा की पोरांची. आपल्या लेकीला उद्या कुणी मोजेल ना दहा जणांत.”

तिला काहीच माहीत नव्हतं. मी कागद तसाच ठेवला आणि तिला सगळं सांगितलं. तिने पुसलेला चष्मा डोळ्यांवर चढवला. मग म्हणाली, “त्या पोरीकडं जा आधी. मला काय सांगताय?”

मी पैठण रस्त्याच्या एसटीने गेलो. वस्ती रस्त्यापासून आत आहे. मामांच्या ट्रॅक्टरने तिच्या खोलीच्या भिंतीपर्यंत नांगरून घेतलं होतं, दारापर्यंत जायला एका माणसापुरती वाट उरली होती. ती घरीच होती, रात्रपाळी करून आलेली. तिने मला ओळखलं, बसा म्हणाली, पाणी दिलं. मी पाणी पिण्याआधीच बोलायला सुरुवात केली, नाहीतर परत फिरलो असतो. सगळं सांगितलं. म्हाताऱ्याने काय सांगितलं, मी काय लिहिलं, वाचून दाखवलं नाही, कोर्टात काय बोललो. तिच्या वकिलांनी केलेल्या अपिलात प्रतिज्ञापत्र देतो म्हणालो.

ती ओरडेल, हाकलून देईल, असं धरून गेलो होतो. तिने वेगळंच विचारलं.

“म्हणजे आजा बोलला होता? चुलीचं?”

“हो.”

“तोंडानं बोलला होता?”

“हो, बाळा. तीन चुली म्हणाला. अंगठा उठवायच्या आधी मला पुन्हा विचारलंसुद्धा, आल्या का म्हणून.”

ती भिंतीला टेकून खाली बसली. “तुम्ही कोर्टात म्हणाला, त्यानं सांगितलं तसंच लिहिलं. मी ते खरं मानलं. म्हटलं, शिकलेला म्हातारा माणूस, शपथ घेऊन कशाला खोटं बोलंल. म्हटलं, आज्यानंच शेवटी पोरांचं बघितलं. मला तोंडावर एक बोलला आणि कागदावर एक.” मग म्हणाली, “त्याच्या यंदाच्या श्राद्धाला मी गेले नाय. मामीनं बोलावलं होतं तरी. कंपनीत पाळी आहे म्हणून सांगितलं. त्याचा फोटो व्हता हितं, तो बी काढून ठेवला.”

मी इतके दिवस तीन एकराचाच हिशोब करत होतो. कोर्टात ती हातांकडे का बघत होती ते मला तिथे, तिच्या ओट्यावर कळलं. जमिनीचं अपील होतं. याचं कुठे करायचं?

“परत सांगा,” ती म्हणाली. “काय म्हणाला ते. त्याच्याच शब्दांत.”

मी सांगितलं. सरपणाचं, पाण्याचं, वीस हातांचं. तिने तीनदा सांगायला लावलं.

वकिलांनी प्रतिज्ञापत्र करून घेतलं, पण फार आशा दाखवली नाही. अपिलात नवा पुरावा सहजी घेत नाहीत, म्हणाले, आणि घेतलाच तर पहिला प्रश्न येईल: तेव्हा खोटं की आता खोटं? शिवाय तुमच्यावर खोट्या शपथेचा खटला होऊ शकतो. मी म्हटलं, तेव्हा खोटं, असंच लिहा. लिहिलेलं मी सही करण्यापूर्वी दोनदा वाचलं. प्रकरण अजून चालू आहे.

पण त्याच दिवशी, ओट्यावरून उठता उठता, मुलीने माझ्याकडे एकच गोष्ट मागितली होती. ती म्हणाली, “काका, कोर्टाचं कोर्ट बघंल. तुम्ही माझ्या मामापुढं बोला. त्याला बी वाटत असंल, आज्यानं मला एक तोंड मोजलं.”

थोरला मामा गोठ्यापाशी होता. ती माझ्या मागे उभी राहिली. मी जे सांगायचं ते सांगितलं. त्याने म्हशीला वैरण टाकणं थांबवलं नाही.

“झालं का मुन्शी?” तो म्हणाला. “मला काय नवीन सांगाय आला? आमच्यात समद्यालाच ठाऊक हाय, वाटा चुलीवर असतोय म्हणून. बापानं मला बी सांगितलं व्हतं.”

“मग तुम्ही कोर्टात...”

“आमी काय खोटं बोललो? कागदावर हाय ते दाखवलं. तुमी पिंजऱ्यात चढला तवा मी धाकल्याला म्हनलं, गेली रे तीन एकर, ह्यो आता समदं बोलतोय. अन् तुमी नाय म्हनला!” तो मोठ्याने हसला. “कागद तुमचा, गवाही तुमची. आमाला कशाला नावं ठेवता? आमी तर तुमच्याच जिवावर उभं हाव.”



मागून ती म्हणाली, “मामा, म्हंजी आज्यानं मला एक तोंड नव्हतं मोजलं. हे तुला ठाऊक व्हतं.”

त्याने पहिल्यांदा हातातली वैरण खाली ठेवली. “व्हय,” म्हणाला. “तुझ्यावर लई जीव व्हता त्याचा.”

“बास,” ती म्हणाली आणि वळली.

ती मला रस्त्यापर्यंत सोडायला आली. एसटीला वेळ होता. ती माझ्यापासून दोन हात लांब उभी राहिली, ओढणीने तोंड पुसत. माफ कर म्हणावं म्हणून मी तोंड उघडलं.

“काका,” ती म्हणाली, “आता काही बोलू नका.”

बस आली तेव्हा तिने हात करून ती थांबवली आणि मी चढेपर्यंत कंडक्टरला थांबायला सांगितलं.